हास्य हा भयाचा विसावा नव्हे

जॉन लँडिस यांचा ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ हा चित्रपट १९८१ साली प्रदर्शित झाला. तेव्हापासून त्याच्याविषयी एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारला जातो: हा भयपट की विनोदपट? संहिता वाचून पैसा घालणाऱ्यांनीही हेच विचारले होते. विनोदी म्हणावी तर फार भीतिदायक आणि भीतिदायक म्हणावी तर फार विनोदी, असा शेरा तिला मिळे, असे लँडिस यांनीच सांगितले आहे. १९६९ साली लिहिलेली ही संहिता ‘ॲनिमल हाउस’ (१९७८) आणि ‘द ब्लूज ब्रदर्स’ (१९८०) या विनोदपटांनी त्यांचे नाव झाल्यावरच, म्हणजे बारा वर्षांनी, पडद्यावर आली.

पैसा घालणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. मालाला कुठली चिठ्ठी लावायची हे त्यांना ठरवावेच लागते. आमची तक्रार समीक्षेविषयी आहे. जिला काहीही विकायचे नव्हते तीही ही चिठ्ठी शोधण्यातच गुंतून पडली. ‘भय आणि विनोद यांचे अजब मिश्रण’ एवढे लिहिले की चित्रपटाविषयी सारे बोलून झाले, अशी समजूत दिसते. एकदा मिश्रण म्हटले की मग प्रमाणाची चर्चा ओघानेच येते. विनोद जरा जास्त झाला, रक्त जरा कमी चालले असते, शेवटी दोन्ही नीट मुरले नाहीत, इत्यादी. ही पाककृतीची भाषा झाली. कलाकृतीविषयी बोलण्याची ही भाषा नव्हे.

आमचे म्हणणे असे, की या चित्रपटात हास्य आणि भय हे दोन पदार्थ नाहीतच. दोन्ही एकाच मुळातून उगवतात. ते मूळ म्हणजे, एका माणसाला स्वत:विषयी एक भयंकर सत्य कळले आहे आणि ते गांभीर्याने ऐकून घेईल असे जिवंत जगात कोणीही नाही. सत्य जितके खरे, तितके ते सांगणे हास्यास्पद. ही विसंगती काढून टाका, आणि भयही उरणार नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. डेव्हिड केसलर (डेव्हिड नॉटन) आणि जॅक गुडमन (ग्रिफिन डन) हे दोन अमेरिकन तरुण पाठीवर पिशव्या घेऊन उत्तर इंग्लंडच्या उजाड माळरानावर भटकत आहेत. रात्री एक श्वापद त्यांच्यावर झडप घालते. जॅक मरतो, डेव्हिड जखमी होतो, आणि गावकऱ्यांच्या गोळ्यांनी पडलेल्या श्वापदाच्या जागी एका नग्न माणसाचे प्रेत दिसते. तीन आठवड्यांनी डेव्हिड लंडनच्या रुग्णालयात शुद्धीवर येतो. तेथे मेलेला जॅक त्याला भेटायला येतो आणि सांगतो, की पुढच्या पौर्णिमेला तू वृकमानव होशील, माणसे मारशील. तेव्हा त्याआधी स्वत:ला संपव. डेव्हिडचा विश्वास बसत नाही. पौर्णिमा येते.

आता त्या मिश्रणाच्या सिद्धान्ताकडे वळू. आपल्या वर्गांमधून तो ‘कॉमिक रिलीफ’ या नावाने शिकवला जातो. भयाचा ताण असह्य झाला की लेखक प्रेक्षकाला थोडा हसवतो, म्हणजे पुढचा ताण सोसायला तो ताजातवाना होतो. उदाहरण म्हणून ‘मॅकबेथ’मधील द्वारपालाचा प्रवेश ठरलेला. डंकनचा खून नुकताच झाला आहे, दारावर थापा पडत आहेत, आणि झिंगलेला द्वारपाल बडबडत येतो. कोलरिजला हा प्रवेश इतका खटकला की तो शेक्सपिअरचा नसून नटांनी घुसडलेला असावा, असे त्याने ठरवून टाकले. उलट डी क्विन्सीने १८२३ साली त्या थापांवरच एक निबंध लिहिला आणि दाखवून दिले, की त्या थापांमुळे भय ओसरत नाही, उलट ते आपल्याला पहिल्यांदाच पुरते जाणवते. कारण नेहमीचे मानवी जग परत येऊ लागते तेव्हाच ते किती थांबले होते हे कळते. आम्ही त्यात एवढीच भर घालू, की तो द्वारपाल स्वत:ला नरकाचा दरवान समजून बडबडत असतो. म्हणजे त्या वाड्याचे खरे नाव त्या क्षणी फक्त त्या दारुड्याला ठाऊक असते. याला विसावा कोण म्हणेल? तरीही प्रश्नपत्रिकेत विसावाच विचारला जातो आणि उत्तरपत्रिकेत विसावाच लिहिला जातो. असो.

आपल्याकडील काव्यशास्त्रात हा प्रश्न अधिक काटेकोरपणे मांडलेला आहे. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त हास्याचे भयानकाशी आणि करुणाशी वैर सांगितले आहे. रसविरोध उद्भवतो तो तीन कारणांनी, असेही तेथे म्हटले आहे: आलंबन एकच असणे, आश्रय एकच असणे, किंवा मध्ये अंतर न ठेवता एकामागोमाग दुसरा रस येणे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त या विरोधाच्या परिहाराचे मार्गही दिले आहेत. एका रसाला दुसऱ्याचे अंग करावे. आश्रय वेगळे ठेवावेत. मध्ये तिसरा रस घालावा.

भयविनोदी चित्रपटांचा इतिहास पाहिला तर बहुतेकांनी यातीलच एखादा मार्ग धरलेला दिसतो. १९४८ सालचा ‘ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेनस्टाइन’ घ्या. त्यात ड्रॅक्युला आहे, वृकमानव आहे, फ्रँकेनस्टाइनचा राक्षस आहे, आणि ते सारे आपापल्या जागी गंभीर आहेत. हसवण्याचे काम ॲबट आणि कॉस्टेलो या जोडगोळीकडे सोपवलेले आहे. कामाची वाटणी स्वच्छ असल्याने कोणाचाच गोंधळ होत नाही. हा चित्रपट आम्हालाही प्रिय आहे, पण त्यात भय कधी खोलवर शिरत नाही, आणि ते का शिरत नाही हे आनंदवर्धन वाचलेल्याला सांगावे लागू नये.

लँडिस हे तिन्ही मार्ग नाकारतात. रुग्णालयातील पहिली भेट आठवावी. सकाळची वेळ, स्वच्छ उजेड, डेव्हिडच्या पुढ्यात न्याहारीचे ताट. समोर जॅक. त्याचा गळा फाटलेला, कातडीची एक चिंधी बोलताना हलते आहे. आणि तो म्हणतो काय, तर टोस्टचा एक तुकडा मिळेल का? मग आपल्या अंत्यविधीची हकीकत सांगतो. जी मुलगी तेथे ओक्साबोक्शी रडली तिने त्याच दिवशी दुसऱ्याचा सहवास कसा शोधला, याबद्दल कुरकुरतो. प्रेतांशी गप्पा मारणे फार कंटाळवाणे असते अशी तक्रार करतो. आलंबन एकच आहे, आश्रय एकच आहे, आणि मध्ये श्वास घ्यायलाही अंतर नाही. शास्त्राने जेथे जेथे धोक्याचा बावटा लावला, नेमक्या तेथेच हा प्रसंग उभा आहे.

मग तो कोसळत का नाही? याचे उत्तर भरतापाशी सापडते, असे आम्हाला वाटते. ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात हास्याचे विभाव सांगताना आरंभी शब्द येतो तो ‘विकृत’: विकृत वेष, विकृत अलंकार. भयानकाचे विभाव सांगतानाही आरंभी तोच शब्द येतो: विकृत ध्वनी. पुढे शून्य घरात किंवा अरण्यात जाणे, कोल्हे-घुबडे, आणि स्वजनांचा वध पाहणे किंवा ऐकणे, अशी यादी आहे. आमच्या मते उत्तरकालीनांनी ज्यांना वैरी ठरवले ते दोघे भरताच्या घरी एकाच दारातून आत येतात. जे नेहमीसारखे राहिले नाही ते पाहून आपण दचकतो किंवा हसतो. आणि यातले काय करावे हे ठरण्याआधीचा एक क्षण असतो. लँडिस तो क्षण लांबवतात. जॅक तीनदा भेटतो आणि प्रत्येक वेळी त्याचे शरीर अधिक सडलेले असते, पण त्याची विनोदबुद्धी जशीच्या तशी असते. त्या विनोदबुद्धीवरूनच तर आपण त्याला ओळखतो. तो विनोदी आहे म्हणजे तो अजून जॅक आहे, डेव्हिडचा मित्र आहे. आणि तो मित्र आहे म्हणूनच त्याचे ते मरण भयंकर आहे. हल्ला झाला तेव्हा डेव्हिड आधी पळाला होता, मग मागे फिरला होता. ही गोष्ट दोघेही जाणतात. एवढ्या थट्टेत ती न बोललेली राहते, आणि त्यामुळे थट्टेला धार येते.

या चित्रपटातील हास्याचे दोन प्रकार मात्र नीट वेगळे केले पाहिजेत. मेलेला जॅक विनोद करतो तो सत्य ऐकू यावे म्हणून. जिवंत माणसे हसतात ती सत्य ऐकू येऊ नये म्हणून.

दुसऱ्या प्रकाराचा पहिला नमुना आरंभीच, ‘स्लॉटर्ड लँब’ नावाच्या गुत्त्यात दिसतो. दोघे पोरगे थंडीने काकडत आत येतात आणि सारे गप्प होतात. मग बुद्धिबळ खेळणारा एक धिप्पाड गावकरी एक विनोद सांगतो, विमानातून माणसे बाहेर टाकण्याचा. सगळा गुत्ता खदखदून हसतो, हे दोघेही हसतात, ऊब येते. तेवढ्यात जॅक भिंतीवरच्या पंचकोनी ताऱ्याविषयी विचारतो, आणि हसू जणू सुरीने कापल्यासारखे थांबते. प्रेक्षकाला येथे कळते, की ते हास्य म्हणजे दाराला लावलेली कडी होती. गावाला एक गोष्ट ठाऊक आहे आणि ती गाव सांगणार नाही. रस्ता सोडू नका, चंद्रापासून जपा, एवढेच सांगून पोरांना रात्रीत सोडले जाते. पुढे अधिकृत नोंद होते ती अशी, की एका पळालेल्या वेड्याने हल्ला केला.

याच सूत्राचे टोक ट्राफल्गार चौकात गाठले जाते. आदल्या रात्री सहा माणसे मारली गेली आहेत. सकाळी डेव्हिड प्राणिसंग्रहालयात लांडग्यांच्या पिंजऱ्यात नग्नावस्थेत जागा झाला, एका पोराचे फुगे पळवून लाज झाकली, बाईचा लाल कोट चढवून बसने घरी आला. हा सारा भाग मनमुराद हसवतो. आता टॅक्सीवाल्याच्या तोंडून त्याला हत्यांची बातमी कळते आणि तो पोलिसासमोर उभा राहून, मला अटक करा, मी खून केले आहेत, असे ओरडू लागतो. पोलीस ढिम्म. तेव्हा डेव्हिड राणीला नावे ठेवतो, युवराजांना अपशब्द वापरतो, चर्चिलला शिव्या देतो, आणि अखेरचा बाण म्हणून शेक्सपिअर फ्रेंच होता असे जाहीर करतो. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला याचे हसू येणारच, आम्हालाही येते. पण आपण कशाला हसत आहोत? एक माणूस रात्र व्हायच्या आत आपल्याला कोंडून घालण्याची भीक मागत आहे. कायदा, वैद्यक, राष्ट्राची सारी दैवते यांपैकी कशालाही धक्का लागत नाही. त्याला अटक होत नाही, म्हणून रात्री आणखी माणसे मरतात. प्रेक्षकाचे हसू आणि त्या पोलिसाची बेफिकिरी यांत अंतर फारसे नाही. हे ध्यानात येते तेव्हा जे वाटते ते भय. आणि हसलो नसतो तर ते वाटले नसते.

रूपांतराचा प्रसंग सर्वपरिचित आहे. रिक बेकर यांना त्यासाठी रंगभूषेचे ऑस्कर मिळाले, आणि त्या नव्या वर्गवारीतील ते पहिलेच होते. १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये चित्रावर चित्र विरघळवून केस उगवत. येथे भरपूर प्रकाशात, एका साध्या बैठकीच्या खोलीत, हाताचा पंजा डोळ्यांदेखत लांबतो, पाठीचा कणा उचलला जातो, आणि डेव्हिड वेदनेने किंचाळतो. पार्श्वभूमीला सॅम कुकच्या आवाजात ‘ब्लू मून’ हे गोड गाणे चालू आहे. मध्येच कॅमेरा खोलीतल्या मिकी माउसच्या छोट्या मूर्तीकडे पाहतो. ती हसतच असते. याला ‘विनोदाची पेरणी’ म्हणणारे परीक्षण वाचले की आम्ही थक्क होतो. शरीर फाटत असताना जगाचे गाणे सुरूच राहते आणि खेळणे हसतच राहते, याहून एकटेपणाचे नेमके चित्र कोणते?

हाच मिकी माउसचा भाऊबंद आधीच्या दु:स्वप्नातही आहे. डेव्हिडचे कुटुंब घरी बसले आहे, मुले दूरचित्रवाणीवर ‘द मपेट शो’ पाहत आहेत. दार फुटते आणि नाझी गणवेशातले राक्षस आत शिरून सर्वांची कत्तल करतात. डेव्हिड ज्यू आहे हे रुग्णालयातल्या परिचारिकांच्या गप्पांतून आपल्याला आधीच कळलेले असते, आणि तेही एका चावट विनोदातून. ज्यांना विनोद आणि भय वेगळे करून हवे आहेत त्यांनी या स्वप्नातून बाहुल्यांचा कार्यक्रम काढून दाखवावा. उरेल ती साधी हिंसा. घरात हसत बसलेल्या माणसांना काय ठाऊक नव्हते, हा प्रश्न त्या बाहुल्यांमुळे उभा राहतो.

पिकॅडिलीच्या शेवटाकडेही याच नजरेने पाहावे. आधी त्या अश्लील चित्रपटगृहातील सभा. पडद्यावर थिल्लर प्रणयचेष्टा, आणि अंधारात जॅक व आदल्या रात्रीचे सहा मृत. त्यांतले दोघे अगदी अदबीने, खेळकरपणे, डेव्हिडला आत्महत्येचे एकेक साधन सुचवतात. रुप्याची गोळी लागेल का, असे त्याने विचारताच जॅक वैतागतो: जरा गंभीर हो! लोककथेचे कवच असे एका फटक्यात निघते. मग रस्त्यावर वाहने एकमेकांवर आदळतात. वर्षभरापूर्वी याच दिग्दर्शकाने ‘द ब्लूज ब्रदर्स’मध्ये पोलिसांच्या गाड्यांचा ढीग लावला होता आणि एकही माणूस मेला नव्हता. तीच रचना, तीच लय येथे आहे. फक्त येथे गाडीत माणसे आहेत, ती चिरडतात. प्रहसनाचा हिशेब येथे चुकता केला जातो.

आता प्रतिपक्षाचे सर्वांत वजनदार म्हणणे. रॉजर एबर्ट यांनी १९८१ साली लिहिलेल्या परीक्षणाचा आशय असा होता, की चित्रपट अपुरा वाटतो. दिग्दर्शकाने सगळी ताकद मोठ्या प्रसंगांवर घातली आणि दुवे, व्यक्तिचित्रण, शेवट यांची पर्वा केली नाही. यातला काही भाग आम्हाला मान्य आहे. परिचारिका ॲलेक्स (जेनी ॲगटर) आणि डेव्हिड यांचे प्रेम फार घाईने जुळते, आणि ॲलेक्सला स्वत:चे असे फारसे काही दिलेले नाही. पण शेवटाविषयीचा आक्षेप आम्ही फेटाळतो. गल्लीत कोंडलेल्या लांडग्यासमोर ॲलेक्स उभी राहते, माझे तुझ्यावर प्रेम आहे म्हणते. वृकमानवाला केवळ त्याच्यावर प्रेम करणाराच मारू शकतो, हे डेव्हिडने जुन्या चित्रपटाच्या आधारे तिला सांगितलेले असते. म्हणजे कथेच्या न्यायाने येथे काही उदात्त घडायला हवे. घडते एवढेच, की लांडगा झेप घेतो, पोलीस गोळ्या झाडतात, एक नग्न तरुण मरून पडलेला दिसतो, आणि त्याच क्षणी ‘ब्लू मून’ची सर्वांत उडती चाल, द मार्सेल्सची, कानावर आदळते. श्रद्धांजली नाही, शोक नाही, विरेचन नाही. पुढे श्रेयनामावलीत चार्ल्स आणि डायना यांच्या विवाहाबद्दल अभिनंदनही येते! याला अपुरेपणा म्हणणाऱ्यांना आम्ही विचारू: तो पुरा कसा झाला असता? अश्रूंनी? ज्याचे कोणी ऐकले नाही त्याच्या मरणावर शेवटी सगळ्यांनी रडायचे, म्हणजे आपण जणू ऐकलेच होते असा दाखला स्वत:ला देऊन मोकळे व्हायचे. लँडिस तो दाखला देत नाहीत.

शोकाची जागा चित्रपटात आहे, पण ती शेवटी नाही. ती दूरध्वनीच्या लाल खोक्यात आहे. डेव्हिड अमेरिकेत घरी फोन लावतो. आईवडील बाहेर गेलेले, धाकटी बहीण फोन घेते. तो तिच्याशी नेहमीसारखे भांडतो, थट्टा करतो, आणि मध्येच सांगतो, की सर्वांवर माझे प्रेम आहे. तिला काही कळत नाही. मग चाकू काढून मनगटाला लावतो आणि त्याला ते जमत नाही. ‘हास्याचे करुणाशी वैर’ हे सूत्र पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हा प्रसंग दाखवावा आणि विचारावे: येथे वैर कोठे आहे?

१९९२ साली मुंबईत महेश भट्ट यांनी ‘जुनून’ काढला. त्यात पौर्णिमेला माणसाचा वाघ होतो, आणि लँडिस यांच्या चित्रपटाशी त्याचे नाते उघड आहे. शाप आला, प्रेमाचा त्रिकोण आला. विनोद हा अशा कथेचा कणा असू शकतो ही गोष्ट मात्र लंडनलाच राहिली. आम्हाला त्याचे नवल वाटत नाही. विनोद म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला, अशीच ज्यांची समजूत करून दिली गेली आहे ते तो वगळतील नाही तर काय करतील?

ही समजूत कोण करून देते? आपण. हास्य आणि भयानक हे दोन रस आपल्या अध्यापनात कायम मागच्या बाकावर बसलेले असतात. एकाला करमणूक म्हणायचे, दुसऱ्याला सनसनाटी म्हणायचे, आणि दोघे एकत्र आले तर ‘मिश्रण’ म्हणून गुण कापायचे. परिणामी विद्यार्थी हसू आले की लाजतो, भय वाटले की लपवतो, आणि उत्तरात ‘कारुण्याची किनार’ असे काहीतरी सुरक्षित लिहून सुटतो. जे त्याला खरोखर वाटले ते वाचण्याचे साधन आपण त्याच्या हाती दिलेलेच नसते. साहित्य शिकण्याचा अर्थ जर स्वत:च्या प्रतिक्रियेचा तपास करणे हा असेल, तर आपण कशाला हसलो आणि ते हसू घशात का अडकले, याहून मोलाचा प्रश्न दुसरा नाही.

लँडिस सांगतात, की ही कथा त्यांना युगोस्लाव्हियात सुचली. ‘केलीज हीरोज’ या युद्धपटाच्या चित्रीकरणावर ते पोरवयात पडेल ते काम करत होते. वाटेत त्यांनी रोमा लोकांचा एक दफनविधी पाहिला: मेलेला माणूस पुन्हा उठू नये म्हणून त्याला लसणीसह, पाय खाली करून, खोल खड्ड्यात उभा पुरत होते. साल १९६९, माणूस चंद्रावर उतरला ते. अशा वर्षी असे दृश्य पाहणाऱ्याला हसू येते, आणि मग मनात येते: समजा, तो उठलाच तर? सगळा चित्रपट त्या ‘समजा’मध्ये आहे. हसू आणि शंका तेथे एका श्वासात आहेत, आणि त्या श्वासाचे दोन तुकडे करून प्रमाण मोजत बसणाऱ्या समीक्षेला त्यातले काहीही हाती लागणार नाही.